पाटीच्या आधी कणकेचा गोळा

कामं आटपली का? नसतील तर हातातलं चालू ठेवा, ऐकायला कान पुरतात.

माझी थोरली साडेतीन वर्षांची असताना मी तिला पाटीवर 'ग' गिरवायला बसवलं. शेजारच्या पोरीला येतं, मग हिला का नाही, एवढंच कारण. पेन्सिल बोटांतून निसटायची. मी हात धरून गिरवून घ्यायची, एकदोनदा धपाटाही दिला. पुढं पुढं पाटी दिसली की ती कणगीमागं लपायची. आज ती कॉलेजात आहे, पण तेव्हाचा तिचा चेहरा काही विसरता येत नाही. नंतर मी अंगणवाडीत मदतीला जाऊ लागले तेव्हा कळलं, पोरीच्या डोक्यात काही कमी नव्हतं, बोटांत बळ आलेलं नव्हतं. ते बळ मळून, दाबून, चिमटीत धरून येतं.

धाकट्याला म्हणून पाटी दिलीच नाही, कणकेचा गोळा दिला. दोन वाट्या गव्हाचं पीठ, एक वाटी बारीक मीठ, दोन चमचे तेल. कोमट पाणी पाऊण वाटीच्या आसपास, पण थोडं थोडं घाला. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवं. ज्वारी-बाजरीचं पीठ चालत नाही, तडे जातात. गव्हाचा चिवटपणा त्यात नसतो. रंगाला हळद, बिटाचा किंवा पालकाचा रस. हळदीच्या गोळ्यात चिमूटभर खायचा सोडा मळा, पिवळ्याचा तांबूस होतो. हे पोरांसमोरच करा. माझा धाकटा तर ते बघायलाच बसायचा.

सासूबाई म्हणाल्या, "अन्नाशी कसला खेळ?" त्यांचं खोटं नव्हतं. त्यांनी दुष्काळ बघितलेला. मग मी जाळी धरलेलं जुनं पीठ चाळून वापरायला लागले. घरात पीठ मोजकंच असेल तर ओढ्याकाठची चिकणमाती घ्या, खडे काढून भिजवा. पोळ्याचे बैल आपण तिचेच करतो की! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा त्यांनीही महागडी साधनं आणली नाहीत, आजूबाजूला मिळेल त्यातूनच शिकवलं.

आता एक नीट ऐका. या गोळ्यात मीठ फार असतं. पोरानं नुसतं चाटलं तर तोंड वाकडं करेल आणि सोडून देईल. पण मोठा गोळा पोटात गेला तर ते धोक्याचं आहे, उलट्या होण्याची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. दीड-दोन वर्षांच्या लेकराला याच्यासोबत एकटं सोडू नका. बोटाला चीर असेल तर मीठ झोंबतं, त्या दिवशी राहू द्या. उरलेलं कुत्र्याला किंवा जनावरांना टाकू नका.

खेळताना जवळ बसा, पण तुम्ही बैल करून देऊ नका. तुमचा बैल सुबक होतो आणि पोर म्हणतं, मला येत नाही, तूच कर. हे माझं झालेलं आहे. आधी ते नुसतं थापटेल, मग साप वळेल, मग लाडू. चिमटीनं कान-शेपटी ओढायला लागलं की समजा बोटं तयार होताहेत. माझ्या धाकट्यानं दोन महिने नुसत्या पोळ्या लाटल्या, आम्हा सगळ्यांना खोट्या खोट्या खाव्या लागल्या. सासूबाई तर आणखी एक मागायच्या.

खेळ झाला की गोळा स्टीलच्या डब्यात घट्ट झाकून ठेवा, साधारण आठवडा जातो. पावसाळ्यात मीठ ओल धरतं, चिकट झाला तर मूठभर कोरडं पीठ मळा. वास आला किंवा काळे ठिपके दिसले की परड्यात खोल पुरून टाका. येते मी.