आयबीएस उचल खातो तेव्हा

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. मी बँकेत नोकरी करते. नागपूर, इंदूर आणि आता हैदराबाद अशा बदल्या झाल्या, आणि प्रत्येक बदलीत सामानाबरोबर माझं पोटही आलं. आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. पोटात कळ येते, धावत जावं लागतं, गेल्यावर जरा बरं वाटतं, आणि तासाभरात पुन्हा तेच. काहींना उलट, चार-चार दिवस साफ होत नाही. महिना-दोन महिने सगळं शांत असतं आणि मग एकदम उचल खातं. त्या उचल खाण्याच्या दिवसांत काय करायचं, एवढंच मी बोलणार आहे.

आधी मी काय करत होते ते सांगते, कारण तुमच्यातले निम्मे लोक तेच करत असतील. पोट बिघडलं की मी आदल्या रात्री काय खाल्लं ते आठवायचे आणि तो पदार्थ बंद करायचे. वांगं खाल्लं होतं, वांगं बंद. मग दूध, तूरडाळ, गहू. एका उन्हाळ्यात आंबासुद्धा. तीन वर्षांत माझ्या ताटात दहीभात आणि उकडलेला बटाटा उरला. त्रास मात्र होता तेवढाच.

भाचीच्या लग्नाला हैदराबादहून नागपूरला निघाले, तेव्हा प्रवासाच्या धास्तीने दीड दिवस काही खाल्लंच नाही. पोट रिकामं असेल तर गाडीत जावं लागणार नाही, असा हिशेब. मंगलाष्टकं सुरू असताना चक्कर येऊन खाली बसले. लग्नात नवरीऐवजी मावशीचे फोटो! परत आल्यावर वजन केलं तर सात किलो कमी.

वजन उतरलंय म्हटल्यावर हैदराबादच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. ते बरोबरच होतं. वजन कमी होणं, शौचात रक्त, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं काही असेल तर आयबीएस म्हणून घरी बसायचं नाही. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असाच लपून येतो. गव्हाची सीलिअॅक चाचणी करायची तर अडचण निघाली: गहू बंद असेल तर ती चाचणी खोटी निर्धास्ती देऊ शकते. म्हणून मला काही आठवडे रोज पोळ्या खायला लावल्या. भीत भीत खाल्ल्या. चाचणी नॉर्मल आली, आणि गंमत म्हणजे त्या आठवड्यांत त्रास वाढलाही नाही. वजन माझ्या उपासमारीनेच गेलं होतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला कुणी आधी सांगायला हवं होतं. खाल्लेलं अन्न बाहेर पडायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. जेवता जेवता कळ आली, तर ती त्या घासाने बिघडवलेली नसते. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, ते सगळ्यांचंच. आयबीएसवाल्यांचं जरा जास्त जोरात, आणि ते आपल्याला दुखतं. म्हणजे मी तीन वर्षं वांग्यावर आळ घेत होते.

आता पोट उचल खातं तेव्हा पहिले दोन-तीन दिवस मी असं करते. जेवण बंद करत नाही, लहान करते. एकदम ताटभर न खाता चार-पाच वेळा थोडं थोडं. मुगाच्या डाळीची सैल खिचडी, ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी. कांदा-लसूण नाही; त्यातली फ्रुक्टन नावाची साखर आतड्यात आंबून गॅस धरते. पण लसणाशिवाय फोडणी गळ्याखाली उतरत नसेल तर एक युक्ती आहे. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. तेलात लसूण तळायचा, आणि डाळ-पाणी पडायच्या आत पाकळ्या काढून टाकायच्या. वास राहतो, त्रास जातो. हिंग आहेच. चहा दिवसाला एक. पोटावर गरम पाण्याची पिशवी. संध्याकाळी अर्धा तास चालणं. कळ थांबवणारी गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेली आहे, तेवढीच. जुलाब फार झाले तर ओआरएस.

इसबगोल मी रोज घेते, पण ते लहान चमच्याने सुरू करून हळूहळू वाढवलं, भरपूर पाण्याबरोबर. त्रासाच्या दिवशी एकदम दोन मोठे चमचे घेऊन बघू नका, पोट फुगतं. गव्हाचा कोंडा तर नकोच.

आणि चिकट पडलं की ‘आव झाली’ म्हणून दुकानातून मेट्रोनिडॅझोलचा कोर्स आणायचा, हे सोडा. नागपूरला मी असे किती कोर्स केले, मोजलेले नाहीत. आयबीएसमध्येही चिकट पडतं.

खाण्याची छाननी करायची ती शांत दिवसांत. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या लोकांनी फॉडमॅप नावाची पद्धत बसवली आहे. पोटात आंबणारे पदार्थ दोन ते सहा आठवडे बंद, आणि मग एकेक परत आणून बघायचं. आपले लोक पहिली पायरी करतात आणि तिथेच राहतात. मी आहारतज्ज्ञांना विचारून एकेक परत आणलं. पोळी चालते, चहातलं दूध चालतं, वांगंही चालतं. कच्चा कांदा आणि राजमा चालत नाहीत. बस, एवढेच निघाले.

एक गोष्ट मी उशिरा ऐकली. डॉक्टरांनी रात्री अमिट्रिप्टिलिन घ्यायला सांगितलं, दहा मिलिग्रॅम. गुगलवर पाहिलं तर नैराश्याची गोळी. मी चिडले, वर्षभर घेतली नाही. पण या कमी डोसमध्ये ती आतडं आणि मेंदू यांच्यातल्या दुखण्याच्या निरोपांवर काम करते. 2023 साली ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतही ती आयबीएसला उपयोगी ठरली. मला तोंड कोरडं पडतं, सकाळी जरा जड वाटतं, पण उचल खाण्याचे दिवस कमी झाले. स्वतःहून मात्र आणू नका. सगळ्यांना चालत नाही.

घरातल्यांसाठी एकच विनंती. माणूस पोट धरून बसला की ‘काल काय खाल्लंस?’ हे विचारू नका. आमच्या सासूबाई वर्षानुवर्षं तेच विचारायच्या, काळजीनेच. आता त्या विचारतात, ‘पिशवी गरम करून आणू?’