पांढऱ्या वाइनचा आंबटपणा

आल्बारीन्यो द्राक्षांची पांढरी वाइन प्रथमच चाखणारा मनुष्य तिच्या आंबटपणानें दचकतो. फळ कच्चें असतांनाच तोडलें कीं काय, अशी शंका त्यास येते. स्पेनच्या वायव्येस, अटलांटिक महासागराच्या कांठीं, रियास बाइशास हा तिचा पावसाळी प्रदेश. ओल्या हवेंत घड कुजूं नयेत म्हणून तेथील शेतकरी ग्रॅनाइटच्या खांबांवर उंच मांडव घालून त्यावर वेल चढवितात. त्यामुळें खालून वारा खेळतो. समुद्राच्या गारव्यामुळें फळ पिकलें तरी त्यांतील आम्लता टिकते. १९८८ सालीं या प्रदेशनामास अधिकृत मान्यता मिळाली. ही वाइन गार करावी, पण बर्फासारखी नव्हे. अति गारठ्यानें सुगंध दबतो. आधीं वास घ्यावा, मग घोट जिभेवर फिरवावा. तोंडास पाणी सुटतें, आणि पुढचा शिंपल्याचा घास अधिक गोड लागतो. तो आंबटपणा नसता, तर वाइन मिळमिळीत झाली असती.