संगणकावरील खंडणी आणि सापळ्याचे मोल



खंडणी म्हटली की मुंबईच्या व्यापाऱ्याला आलेला धमकीचा दूरध्वनी आठवतो. बोलणारा परदेशात असला, तरी पैसे उचलणारा हस्तक येथलाच असे आणि कधीतरी पोलिसांच्या हाती लागे. संगणकाच्या मार्गाने येणाऱ्या खंडणीत या हस्तकाची गरजच उरली नाही.

रशियातील चेल्याबिन्स्क या शहरातील अलेक्सी इव्हानोव्ह आणि वासिली गोर्शकोव्ह हे दोन तरुण अमेरिकन कंपन्यांच्या संगणकांत शिरून ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांचे क्रमांक चोरीत. मग मालकाला ई-मेल जाई : तुमच्या यंत्रणेत छिद्रे आहेत, ती बुजवू, मोबदला द्या. कनेक्टिकट राज्यातील एका कंपनीकडे इव्हानोव्हने सुमारे १० हजार डॉलर्स मागितले. सल्लागाराची भाषा, धंदा मात्र दरोडेखोराचा!

रशियाची राज्यघटना आपला नागरिक परक्या देशाच्या स्वाधीन करू देत नाही. म्हणून एफबीआयने ‘इन्व्हिटा’ नावाची खोटी कंपनी उभारून नोकरीचे आमिष दाखविले. नोव्हेंबर २००० मध्ये दोघे सिअॅटलला आले. कौशल्य दाखविण्यासाठी त्यांनी तेथील संगणकावरून चेल्याबिन्स्कमधील आपल्या सर्व्हरशी संपर्क साधला, आणि बोटांनी दाबलेली प्रत्येक कळ गुपचूप नोंदली गेली. त्यात पासवर्डही होते. त्याच दिवशी दोघांना अटक झाली.

खरा पेच पुढेच आहे. साथीदार पुरावा पुसतील या भीतीने एफबीआयने तेच पासवर्ड वापरून रशियातील सर्व्हरवरची माहिती उतरवून घेतली. वॉरंट नंतर मिळविले. अमेरिकेचे घटनात्मक संरक्षण परदेशातील परकीयाच्या मालमत्तेला लागू नाही, असे सांगून सिअॅटलच्या न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. गोर्शकोव्हला ३ वर्षांची शिक्षा व जवळजवळ ७ लाख डॉलर्सची भरपाई, इव्हानोव्हला ४ वर्षे. परंतु २००२ मध्ये रशियाच्या एफएसबीने त्या एफबीआय अधिकाऱ्यावरच बेकायदा घुसखोरीचा गुन्हा दाखल केला. चोर पकडणाराच आरोपी! हे हास्यास्पद वाटेल. पण परक्या पोलिसाने पुण्यातील सर्व्हर असाच उघडला, तर आपले शासन तरी स्वस्थ बसेल काय? बसू नये.

आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७५ वे कलम सांगते की, भारतातील संगणकाविरुद्ध गुन्हा करणारा कोणत्याही देशाचा असो, कोठेही असो, हा कायदा त्याला लागू आहे. शब्द ठाम आहेत. मात्र आरोपीला आणायचे कसे, ते कलम सांगत नाही. सायबर गुन्ह्यांविषयीच्या २००१ च्या बुडापेस्ट कराराच्या मसुद्यात भारताला स्थान नव्हते. त्यावर भारताने सही केली नाही, रशियानेही नाही. मग उरते ते विनंतीपत्र : न्यायालयातून केंद्राकडे, तेथून परराष्ट्राकडे, तेथून तिकडच्या न्यायालयाकडे. या प्रवासाला महिने लागतात, आणि सर्व्हरवरच्या नोंदी पुसायला काही मिनिटे पुरतात.