शाळेच्या समितीवर कोणास धाडावे?



२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांना व्यवस्थापन समित्या लाभल्या. समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात, दुर्बळ घटकांच्या पालकांस प्रमाणशीर स्थान असावे, असा दंडक आहे. शाळेचा विकास आराखडा करणे व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही तिची कर्तव्ये होत.

मुख्याध्यापक या नात्याने आम्ही अशा समितीचे सचिव होतो. आज एक कबुली देतो. सभा न भरविता इतिवृत्ताची वही घरोघर फिरवून आम्ही सह्या घेतल्या आहेत. एकदा खुरपणी करणाऱ्या एका सभासद मातेने विचारले, "गुरुजी, ह्यात काय लिवलंय?" आम्ही निरुत्तर झालो. वहीत उपस्थिती समाधानकारक होती. तिच्या शेजारची दोन मुले मेंढरांमागे परमुलखी गेल्याचे तिला ठाऊक होते, वहीला नव्हते!

आपला आटपाडीचा मुलूख दुष्काळी. पोटामागे माणसे जातात, मुलांची शाळा मागे राहते. याच आटपाडीत जन्मलेले शंकरराव खरात पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कोणत्या घरातून कोण निपजेल, हे आधी कोणी सांगावे?

म्हणून आमची विनंती आहे की, केवळ 'आपल्या समाजाचा' म्हणून कोणास पुढे करू नये. वाचल्यावाचून सही न करणारी, गैरहजर मुलाचे नाव सभेत काढणारी माता धाडावी. मग ते मूल कोणत्याही ज्ञातीचे असो. आणि तिच्या जागी तिच्या यजमानांनी जाऊन बसू नये.

एवढे घडले, तर आमच्या चुकीचे थोडे तरी परिमार्जन होईल.