जाम झालेलं छोटं इंजिन

१९१० साली कारखान्याभोवती वसलेली किर्लोस्करवाडी आपल्या आष्ट्याहून फार लांब नाही. इंजिनांचं वेड आपल्या भागाला जुनंच. एनसीसीच्या एअर विंगमध्ये विमानांची मॉडेल्स उडवलेल्या कुणाच्या कपाटात त्या काळचं छोटं डिझेल इंजिन असेल, तर ते बाहेर काढा. त्याला स्पार्क प्लग नसतो. इथर, रॉकेल आणि एरंडेलाचं मिश्रण दाबानंच पेटतं. पडून राहिलं की एरंडेल डिंकासारखं चिकटतं, पिस्टन अडकतो. पंखा पक्कडीनं फिरवू नका. टाकी रिकामी करा, हेअर ड्रायरनं इंजिन कोमट करा, पातळ तेलाचे थेंब सोडा आणि रात्रभर थांबा. सकाळी बोटानं हलकेच फिरवा. जुनं इंजिन जोरानं नाही, धीरानं सुटतं.