कर्करुग्णाची वेदना आणि घरची माणसे

घरात कोणास कर्करोग झाल्याचे कळले की पहिली धावपळ होते ती इस्पितळाची. गोव्यातील कितीतरी कुटुंबांनी या कारणासाठी बांबोळीच्या आणि मुंबईच्या खेपा घातल्या आहेत. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय तर १९४१ पासून या कामी उभे आहे. परंतु उपचारांच्या मधले दिवस, आणि पुष्कळदा अखेरचेही दिवस, रुग्ण घरीच काढतो. त्यांचा भार बहुधा घरातील एकाच स्त्रीवर पडतो. पथ्याची यादी पुरुषांना तोंडपाठ असते. रात्री दोन वाजता उठते ती मात्र तीच!

या शुश्रूषेत सर्वांत अधिक उपेक्षा होते ती वेदनेची. "एवढे मोठे दुखणे, थोडे सोसायलाच हवे," असे आप्त म्हणतात. आणि कोणास त्रास नको म्हणून रुग्णही ओठ मिटून पडून राहतो. वास्तविक बहुसंख्य कर्करुग्णांच्या वेदना औषधांनी आटोक्यात आणता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली त्याची रीत सांगितली: औषध शक्यतो तोंडावाटे, घड्याळाप्रमाणे आणि वेदनेच्या मानाने पायरीपायरीने द्यावे. तीव्र वेदनेवर मॉर्फीन हे मुख्य औषध होय. त्याच्या साध्या गोळीचा अंमल सुमारे चार तास टिकतो. म्हणून दुखू लागण्याची वाट न पाहता डॉक्टरांनी ठरविलेल्या वेळी पुढची मात्रा द्यावयाची असते.

घर अडते ते नेमके येथे. मॉर्फीन अफूपासून होते, तेव्हा माणूस व्यसनी होईल. किंवा ते लिहून दिले म्हणजे आता आशा सरली, अशा समजुतीने गोळ्या कपाटात राहतात, अगर चारांऐवजी दोनच दिल्या जातात. रुग्ण रात्रभर कण्हतो आणि दोष औषधाला दिला जातो. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फीनचे व्यसन क्वचितच लागते. सुरुवातीची गुंगी व मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. त्यासाठी रेचक पहिल्या दिवसापासून डॉक्टरांकडून मागून घ्यावे. मात्रा आपल्या मनाने वाढवू नये, एकाएकी थांबवूही नये. गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा, कुलपात ठेवाव्यात. एका वहीत वेळ, मात्रा आणि शून्य ते दहांपैकी वेदना किती, हे रुग्णालाच विचारून लिहावे. डॉक्टरांना ती वही दहा मिनिटांच्या हकिकतीहून अधिक सांगते.

१९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर मॉर्फीन इस्पितळांनाही दुर्मीळ झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सुकर झाली, तरी ते प्रत्येक औषधालयात मिळत नाही. साठा संपण्यापूर्वीच चौकशी करणे बरे.

घरी निभेनासे झाले तर शांती अवेदना सदन आहे. अशा रुग्णांसाठी देशातील हे पहिले सदन १९८६ मध्ये वांद्रे येथे सुरू झाले. गोव्यात ते लोटली येथे आहे. रुग्णाला तेथे ठेवणे म्हणजे टाकून देणे, असे बोलणारे शेजारी असतात. समाचाराला येताना त्यांनी फळांची पिशवी आणली नाही तरी चालेल. रुग्णापाशी दोन तास बसावे आणि त्या घरच्या बाईला तेवढा वेळ झोपू द्यावे.