आपल्या संकेतस्थळाचें ऋण
(ज्युबिलीनिमित्त केलेलें भाषण)



सभागृहास देणगी देणाऱ्यांचीं नांवें शिळेवर कोरावयाचीं, हें आपण एकमतानें ठरविलें. परंतु ज्युबिलीसाठीं तयार केलेल्या संकेतस्थळावर कोणाचीं नांवें घालावीं, असा प्रश्न निघतांच कांहीं मंडळींचें म्हणणें पडलें कीं, "तें सॉफ्टवेअर तर फुकट मिळालें, त्यांत आभार कोणाचे मानावयाचे?"

फुकट मिळालें म्हणून तें कोणीं केलेंच नाहीं, असें होत नाहीं. पानें रचणारें वर्डप्रेस मॅट मलनवेग व माइक लिटल यांनीं २००३ सालीं सुरू केलें. त्याखालीं चालणारी लिनक्स प्रणाली १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें आरंभिली. मराठी मजकूर ज्या 'मुक्ता' अक्षरांत दिसतो, तीं मुंबईच्या 'एक टाइप' मंडळीनें घडविलीं. आणि अहेरी, एटापल्ली, भामरागडच्या वाटा दाखविणारा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा. २००४ पासून तो मुख्यतः स्वयंसेवकांच्या हातांनीं वाढत आला आहे.

यांचे परवाने एकसारखे नाहींत. नकाशापाशीं ओपनस्ट्रीटमॅपचें नांव दिसलेंच पाहिजे. तेथें आपल्या मर्जीचा प्रश्न नाहीं. वर्डप्रेसचा परवाना पानावर नांव छापण्याची सक्ती करीत नाहीं. अक्षरांचा परवानाही, मजकूर त्या अक्षरांत छापला एवढ्यावरून, नांव मागत नाहीं. सक्तीचा अतिरेकही एके काळीं झाला होता. बर्कलीच्या विद्यापीठाची अट होती कीं, जाहिरातींतही आपलें नांव यावें. इतरांनीं तिचें अनुकरण केलें, आणि १९९७ च्या एका प्रणालींत अशीं ७५ वाक्यें निघालीं! १९९९ सालीं विद्यापीठानें ती अट काढून टाकिली, हें शहाणपणाचेंच झालें.

आपल्या गडचिरोलींत मेंढा (लेखा) येथील ग्रामसभेस २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला. तें जंगल साऱ्या गांवाचें. पण म्हणून वाटेल त्यानें वाटेल तेव्हां बांबू तोडावा, असें तेथें चालत नाहीं. सर्वांचें तें बेवारशी नव्हे.

नांव न घेतल्यानें काय होतें, तें २०१४ सालीं जगानें पाहिलें. असंख्य संकेतस्थळांची गुप्तता राखणाऱ्या ओपनएसएसएलमध्यें 'हार्टब्लीड' नांवाचा मोठा दोष सांपडला. चौकशी होतां कळलें कीं, त्या कामास वर्षाकाठीं सुमारें २,००० डॉलरच देणगी येत असे, आणि पूर्ण वेळ देणारा मनुष्य एकच होता. ज्या धनाढ्य कंपन्या त्यावर विसंबून होत्या, त्यांना त्या मनुष्याचें नांवही ठाऊक नसावें, असें मला वाटतें. त्यानंतर मात्र त्यांनीं निधि उभारला.

तेव्हां माझी विनंति अशी: आपल्या तरुणांचीं नांवें अवश्य घालावीं, त्यांनीं रात्री जागविल्या आहेत. त्यांच्याच खालीं, त्याच आकाराच्या अक्षरांत, वरील सर्वांचीं नांवें व परवाने लिहावे. पुढें नवा भाग जोडाल तेव्हां त्याचें नांव त्याच दिवशीं टिपून ठेवा. वर्षानें शोधूं जाल तर सांपडणार नाहीं.